सिस्टम म्हणतंय तुमची गाडी अजून आतच आहे: दक्षिण अमेरिकेच्या बॉर्डरवर गाडीचा कागद अडकला तर काय करायचं

लक्षण नेहमी सारखंच असतं. तुम्ही इमिग्रेशनच्या खिडकीवरून पासपोर्टवर शिक्का मारून घेतलाय, खूश आहात, मग शेजारच्या अदुआनाच्या, म्हणजे कस्टमच्या, खिडकीवर गाडीचे कागद सरकवता, तिथला माणूस नंबर टाईप करतो, थांबतो, परत टाईप करतो, मग बाजूच्याला हाक मारतो, आणि दोघं मिळून स्क्रीनकडे बघत बसतात. मग प्रश्न येतो, मागच्या वेळी गाडी बाहेर कधी काढली होती? तुम्ही म्हणता चार महिन्यांपूर्वी. तो म्हणतो, नाही, सिस्टममध्ये तुमची गाडी अजून आमच्या देशातच आहे. आणि तुमची गाडी त्याच्या दारात उभी, शेजारच्या देशाच्या धुळीने माखलेली.

हे आमच्या बाबतीत झालं, नंतर भेटलेल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत झालेलं ऐकलं, आणि आता कोणी ना कोणी दर महिन्याला मला हेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी आणि नवरा टेक्सासहून आमची जुनी टोयोटा फोररनर घेऊन निघालो, तिचं नाव ढमी, पनामापर्यंत चालवत, मग दारिएनच्या जंगलात रस्ताच नाही म्हणून कोलोनहून कंटेनरमधून कोलंबियातल्या कार्ताहेनाला, आणि तिथून खाली खाली. त्यामुळे अनुभव अमेरिकन नंबर प्लेटचा आहे, पण भारतातून बाईक घेऊन आलेल्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी हा कागद काय आहे ते नीट समजून घ्या कारण निम्मा घोळ तिथंच आहे. टीआयपी म्हणतात सगळे, टेम्पररी इम्पोर्ट परमिट. तुमच्या दृष्टीने ती गाडी, त्यांच्या दृष्टीने तो ड्युटी न भरता देशात आलेला माल. तुम्ही लिहून देता की हा माल मी इथं विकणार नाही, ठरलेल्या दिवसांत बाहेर नेणार. कोलंबियात हा कागद दिआन देतं, पेरूत सुनात, इक्वेडोरमध्ये सेनाए, ब्राझीलमध्ये रेसेइता फेदेराल, चिले बोलिव्हियात सरळ अदुआना. इमिग्रेशनवाल्यांचा याच्याशी काही संबंध नाही. तुमचा शिक्का वेगळा, गाडीचा वेगळा, दोन वेगळी खाती, बऱ्याच ठिकाणी दोन वेगळी सॉफ्टवेअर, आणि एकाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं. पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का पडला म्हणजे गाडीही सुटली असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

भारतातून येणाऱ्यांचा हमखास प्रश्न, की आम्ही मुंबईहून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनचं कार्ने, म्हणजे गाडीचा कस्टमचा पासपोर्टच, घेतलंय, मग हे कशाला? कार्ने इथं चालवायची गरज नाही, प्रत्येक देशाचा स्वतःचा कागद घ्यावाच लागतो. पण म्हणून कार्ने बॅगेच्या तळाशी टाकून विसरू नका, भारतात गाडी परत नेताना आपल्या कस्टमला तेच लागणार आहे.

आता मूळ मुद्दा. आज या बॉर्डरवर दिसतोय तो प्रॉब्लेम आज झालेला नसतो, तो मागच्या बॉर्डरवर झालेला असतो. बाहेर पडताना कागद बंद करायला हवा होता तो झाला नाही, किंवा आत येताना चुकीचा टाईप झाला. त्यामुळे उलट्या दिशेने शोधायचं.

आमची गोष्ट सांगते, देशाचं नाव घेत नाही. रविवारची दुपार, छोटी बॉर्डर, पाऊस. खिडकीतल्या माणसाने कागद घेतला, शिक्का मारला, आणि म्हणाला नो आय सिस्तेमा. हे वाक्य पाठ करून ठेवा, या खंडात फिरताना हे तुम्हाला बुएनोस दियासच्या खालोखाल ऐकू येणार आहे. सिस्टम बंद आहे. नंतर टाकतो म्हणाला, तोदो लिस्तो, सगळं झालं, जा. आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. नवरा लगेच निघाला. मी नशीबाने, खरं सांगायचं तर सवयीने, कारण मी भाजीच्या बिलाचासुद्धा फोटो काढते, त्याने कागद ड्रॉवरमध्ये टाकायच्या आधी शिक्क्यासकट फोटो काढला होता. तो एक फोटो चार महिन्यांनी कामाला आला.

चार महिन्यांनी त्याच देशाच्या दुसऱ्या बॉर्डरवर आलो तर वर लिहिलं तसं सगळं घडलं. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली, ढमीचा नंबर, आणि पुढे लाल अक्षरात मुदत संपलेली. म्हणजे सिस्टमच्या मते आम्ही महिनोन् महिने बेकायदा गाडी ठेवलीय आणि वर दुसरी आत आणतोय, तीही त्याच नंबरची.

तिथं भांडून उपयोग नाही. आमच्याकडे तीन गोष्टी होत्या: तो फोटो, पासपोर्टवरचा एक्झिटचा शिक्का, आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे शेजारच्या देशाने त्याच दिवशी दिलेला गाडीचा कागद, ज्यावर तारीख आणि वेळसुद्धा होती, एक्झिटनंतर अवघी चाळीस मिनिटं. एकच गाडी एकाच वेळी दोन देशांत नसते, हे त्यांनाही कळतं. बाईंनी सांगितलं अर्ज लिहा. बाहेरच्या टपरीवरून रेघी कागद आणला, झेरॉक्स काढल्या, मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये अर्ज लिहिला, कधी बाहेर पडलो, कुठून, कोणाकडे कागद दिला. बाईंनी तो लाल पेनाने तपासला हो, शाळेतल्या बाईंसारखा, स्पेलिंगं दुरुस्त केली आणि म्हणाल्या परत लिहून काढा. परत लिहिला. मग साहेब जेवायला गेलेले, ते आले, त्यांनी त्या जुन्या बॉर्डरला फोन केला, तिथं कोणी उचलेना, मग ईमेल, मग आमच्याकडचा चिवडा संपला, आणि पाच तासांनी जुना कागद सिस्टममधून बंद झाला आणि नवीन मिळाला.

म्हणजे हे सुटतं. रडकुंडीला यायची गरज नाही. पण पुरावा नसेल तर ते तुम्हाला जिथून बाहेर पडलात त्या बॉर्डरवर जा असं सांगू शकतात आणि ती दीड हजार किलोमीटरवर असू शकते. म्हणून मागच्या देशाचा गाडीचा कागद टाकून देऊ नका. बाहेर पडताना मूळ प्रत ते ठेवून घेतात, म्हणून ती त्यांच्या हातात द्यायच्या आधी फोटो, आणि शिक्का मारल्यावर पुन्हा फोटो. अर्जाला जोडायला नंतरच्या देशाचा प्रवेशाचा कागद, त्या दिवसाची पेट्रोलची पावती, टोलची पावती, काहीही चालतं ज्यावर गाव आणि तारीख आहे.

आता दुसरा प्रकार, टायपिंगचा. हा जास्त चोरटा आहे कारण तुम्हाला तो महिनोन् महिने कळत नाही. चॅसी नंबर 17 अक्षरी असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, मुद्दाम, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. त्यामुळे तुमच्या कागदावर चॅसी नंबरात गोल ओ दिसला तर तो शून्यच असायला हवा, बिनधास्त बोट ठेवून दाखवा. चूक झाली की बाहेर पडताना नंबर शोधला तर सापडतच नाही, सिस्टमला तुमची गाडी माहीतच नसते, आणि ती चुकीच्या नंबरची भुताची गाडी मात्र त्या देशात कायमची फिरत राहते तुमच्या नावावर.

खिडकी सोडायच्या आधी कागद हातात घेऊन चॅसी नंबर एक एक अक्षर बोटाने मोजत वाचा, मोठ्याने वाचा, मागे रांग असली तरी. मग नंबर प्लेट, पासपोर्ट नंबर, शेवटची तारीख. आम्ही दोघं करतो हे, एक वाचतो एक गाडीवर बघतो. चूक सापडली तर तिथल्या तिथे दोन मिनिटांत नवीन प्रिंट मिळते. शंभर किलोमीटर पुढे गेल्यावर तीच चूक अर्धा दिवस खाते.

आणि नाव! यावर तर स्वतंत्र लिहायला हवं, कारण हा आपल्या लोकांचा खास प्रॉब्लेम आहे. स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं मग आईचं. आपली पद्धत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. मग त्या खिडकीतला माणूस तीन शब्द बघतो आणि त्याच्या हिशोबाने शेवटचे दोन आडनाव म्हणून टाकतो. समजा तुम्ही सुनीता दिलीप जाधव असाल तर तुम्ही होता सुनीता, वडिलांचं आडनाव दिलीप, आईचं आडनाव जाधव. माझ्या एका कागदावर नवरा माझा बाप झालाय, घरी यावरून पुष्कळ हसून झालंय. पण गंमत बाजूला, पुढच्या वेळी दुसऱ्या कर्मचाऱ्याने जाधव आडनावाने शोधलं तर तुम्ही सापडत नाही, आणि अमेरिकेतल्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मधलं नाव नसेल तर तिथून अजून एक गोंधळ, की गाडी सुनीता जाधवची आणि पासपोर्ट सुनीता दिलीप जाधवचा, मग मालक कोण? यावर उपाय साधा आहे, पासपोर्टचं पान उघडून आडनावाच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं सोलो उन आपेयिदो, एकच आडनाव. गाडी घेताना किंवा निघायच्या आधी टायटलवर पासपोर्टसारखंच पूर्ण नाव करून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. भारतीय आरसीचं स्मार्ट कार्ड घेऊन येणाऱ्यांनी त्याच्या मोठ्या रंगीत प्रिंट काढून चॅसी नंबरवर मार्कर मारून ठेवावा, त्या इवल्याशा कार्डावर तो शोधता शोधता ते वैतागतात आणि वैतागलेला माणूस चुका करतो.

पासपोर्ट मध्येच बदलला तर जुना जवळ ठेवा, कारण कागदावर नंबर जुन्याचा आहे. आणि बदलल्यावर बाहेर पडायची वाट न बघता जवळच्या अदुआना ऑफिसात जाऊन नोंद करून घेतलेली बरी.

मग येतो तारखांचा घोळ. अर्जेंटिनात तुम्हाला साधारण 90 दिवस मिळतात आणि गाडीला 8 महिने. उरुग्वेत गाडीला 12 महिने, म्हणून बरेच लोक तिथं गाडी लावून विमानाने घरी जाऊन येतात. चिले, पेरू, इक्वेडोरमध्ये गाडीला 90 दिवस. बोलिव्हियात आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा, त्याला सिवेतूर म्हणतात, आणि तिथं किती दिवस लिहून मिळतात ते खिडकीवरच बघून घ्या, कारण बऱ्याच जणांनी स्वतःचा मुक्काम इमिग्रेशनमध्ये वाढवला आणि गाडीचा वाढवायचं राहून गेलं. माणसाचे दिवस वाढले की गाडीचे आपोआप वाढत नाहीत, दोन्हीकडे वेगळं जावं लागतं, आणि क्रमही महत्त्वाचा, कोलंबियात आधी मिग्रासिऑनकडून, म्हणजे इमिग्रेशनकडून, तुमचे दिवस वाढवून घ्यायचे आणि तो कागद घेऊन मग दिआनकडे. या वाढवण्याला सगळीकडे प्रोरोगा म्हणतात. प्रोरोगा मुदत संपायच्या आधीच मागायचा, संपल्यावर मागितला तर तो प्रोरोगा राहत नाही, ती दंडाची केस होते.

आणि 90 दिवस म्हणजे तीन महिने नाहीत. 1 जुलै ते 30 सप्टेंबर हे 92 दिवस होतात. हसू नका, एक जर्मन जोडपं यात अडकलेलं आम्ही बघितलंय आणि जर्मन माणसं तारखा चुकत नाहीत असा माझा समज होता.

कागद ज्याच्या नावावर त्यालाच गाडीबरोबर बाहेर पडावं लागतं, ही अजून एक. एका देशात आमचा कागद नवऱ्याच्या नावावर होता, आणि मध्येच सासरे आजारी म्हणून त्याला तातडीने सांगलीला जावं लागलं. मी गाडीपाशी, कागद त्याचा. तो विमानात बसायच्या आधी आम्ही नोटरीकडे जाऊन पोदेर केलं, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, स्पॅनिशमध्ये, की ही गाडी चालवायचा, देशाबाहेर न्यायचा आणि कस्टमचे कागद करायचा अधिकार हिला आहे, आणि ते अदुआनात दाखवून चालेल ना हे विचारून घेतलं. हे सगळं तो देशात असतानाच करायचं, तो गेल्यावर करायला गेलात तर वकिलात, अपोस्टिल, भाषांतर असा लांबचा वळसा. जोडीने फिरणाऱ्यांनी शक्य असेल तिथं सुरुवातीलाच दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव टाकून घ्या. गाडी ठेवून दोघंही देशाबाहेर जाणार असाल तर मात्र प्रत्येक देशाचा नियम वेगळा, उरुग्वेत चाललं म्हणून शेजारी चालेल असं नाही, आधी अदुआनात जाऊन विचारा.

काही बॉर्डर अशा आहेत की कोणी अडवतच नाही, आणि त्या सगळ्यात धोक्याच्या. उरुग्वेचं रिवेरा आणि ब्राझीलचं सांताना दो लिव्रामेंतो, मध्ये फक्त एक रस्ता आणि एक चौक, या फुटपाथवर एक देश समोरच्यावर दुसरा. त्याच सीमेवरच्या चुई गावात पण तसंच. ब्राझीलहून सिउदाद देल एस्तेला जाणाऱ्या पुलावर इतकी गर्दी असते की मोटारसायकली, हमाल, टीव्हीचे खोके यांच्या लोंढ्यात तुम्ही अलगद पॅराग्वेत पोचता आणि कोणीही हात दाखवत नाही. मग पुढच्या देशात कळतं की बाहेर पडल्याची नोंदच नाही. अशा ठिकाणी ऑफिस स्वतः शोधत जायचं, गाडी लावून, दोन्ही बाजूंची. लगेच लक्षात आलं तर त्याच दिवशी मागे फिरा, काही होत नाही, ते हसतात आणि शिक्का मारतात.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, उशुआयाला जाणाऱ्यांसाठी खास, कारण तिथं हौसेने सगळेच जातात. नकाशावर अर्जेंटिनातून अर्जेंटिनात जायचंय पण रस्ता चिलेतून जातो, रिओ गायेगोसच्या पुढे चिलेत शिरायचं, मागेयानची सामुद्रधुनी फेरीने ओलांडायची, सान सेबास्तिआनला परत अर्जेंटिनात. येताना तेच उलटं. म्हणजे चार बॉर्डर, आणि प्रत्येक वेळी एका देशाचा कागद बंद, दुसऱ्याचा नवा. दोन-तीन दिवसांत इतके कागद होतात की सगळे सारखेच दिसायला लागतात आणि माणूस भलताच कागद देऊन मोकळा होतो. आम्ही प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 1, 2, 3, 4 लिहिलं होतं. आणि चिलेत शिरताना जेवणाचं सामान जाहीर करा, फळं, मध, बिया, काहीही असेल तर फॉर्मवर हो लिहा. मी हो लिहिलं, त्या साग, म्हणजे तिथल्या शेती खात्याच्या, मुलीने माझा गोडा मसाला उघडून वास घेतला, सहकाऱ्याला बोलावून त्यालाही वास दिला, आणि परत दिला. सफरचंद मात्र गेलं.

मुदत उलटूनच गेली असेल तर? लपून बसू नका, रस्त्यावर पोलिसांनी कागद तपासून पकडण्यापेक्षा स्वतः अदुआनात गेलेलं केव्हाही बरं. चिलेत, अर्जेंटिनात दंड भरून सुटलेले लोक मला माहीत आहेत, पेरूचा कायदा मात्र कडक, तिथं मुदत उलटलेली गाडी जप्त होऊ शकते, त्यामुळे पेरूत शेवटचा आठवडा डोंगरात घालवू नका. (तिथल्या मोटोटॅक्सी बघून गहिवरून येतं हो, सगळीकडे बजाज.) गाडी बिघडली, अपघात झाला, हॉस्पिटलात होतात, अशी खरी कारणं असतील तर गॅरेजवाल्याचं सही-शिक्क्याचं पत्र, सुटा भाग मागवल्याची पावती, डॉक्टरचा कागद, हे घेऊन मुदतीच्या आत अर्ज द्या आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर त्यांचा पोच शिक्का घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. कंटाळून गाडी तिथंच कोणाला विकून टाकायचा विचार करू नका, ड्युटी न भरलेला माल आहे तो, घेणाराही अडकतो आणि तुम्हीही.

शेवटी बाहेर पडताना म्हणायची दोन वाक्यं, पाठच करा. पोर फावोर, पुएदे दार दे बाखा एल पेर्मिसो देल वेइकुलो? म्हणजे गाडीचा कागद बंद कराल का. मग, मे पुएदे मोस्त्रार ला पान्ताया? स्क्रीन दाखवता का. बहुतेक जण दाखवतात, काही कपाळाला आठ्या घालतात, एकाने मला दाखवताना स्वतःच चूक पकडली आणि थँक्यू म्हणाला. आणि उत्तर नो आय सिस्तेमा आलं तर सावलीतली खुर्ची शोधा, डबा उघडा, आणि सिस्टम येईपर्यंत तिथून हलू नका.